मनाच्या डॉक्टरकडे प्रथम जाताना



युनियनच्या माणसाला व्याख्यानाला बोलावले म्हणजे तो बोनस, किमान वेतन, नाही तर कापूस-सोयाबीनचा भाव यांवर बोलणार, असे आपण धरून चालला असाल. चालकांचाही तसाच समज होता. परंतु आम्ही त्यांना विनंती करून आजचा विषय निराळा घेतला. त्याचे कारण साधे आहे. गेल्या काही वर्षांत आमच्या कचेरीत जी माणसे येतात, त्यांतील पुष्कळांची पहिली तक्रार पगाराची किंवा कर्जाची असते. ती आम्ही लिहून घेतो. चहा होतो. माणूस उठतो, चपला पायात घालतो, आणि दारात उभा राहून दुसरी तक्रार सांगतो : "भाऊ, झोप येत नाही." ही दुसरी तक्रार आमच्या कोणत्याही मागणीपत्रकात बसत नाही. म्हणून ती आज या व्यासपीठावर आणली आहे.

आम्ही मानसशास्त्राचे पदवीधर नाही. शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयाच्या बाकावर, कामगार न्यायालयाच्या ओसरीत आणि संपाच्या मांडवात झाले. तेव्हा रोगाची चिकित्सा सांगण्याचा आमचा अधिकार नव्हे. परंतु दोन पक्षांत करार कसा व्हावा, कोणत्या अटी आधी विचारून घ्याव्यात, आणि दुबळ्या पक्षाचे हक्क कोणते, हे पाहण्यात आमची तीस वर्षे गेली. खाजगी समुपदेशकाकडे किंवा मानसशास्त्रज्ञाकडे, ज्याला शहरात आता 'थेरपिस्ट' म्हणतात, त्याच्याकडे जाणे हा देखील एक करारच आहे, आणि आपली माणसे त्या दारात आरोपीसारखी तरी जातात, नाही तर भक्तासारखी तरी. या दोहोंपैकी काहीही न होता, हक्क असलेला माणूस म्हणून तेथे कसे जावे, एवढेच आज सांगावयाचे आहे.

पहिली अडचण शब्दाची आहे. आमच्या एका जुन्या सभासदाला आम्ही हा मार्ग सुचविला, तेव्हा ते चिडून म्हणाले, "मी काय येडा झालो का, भाऊ?" आम्ही म्हणालो, "अप्पा, मागल्या साली पाठ धरली म्हणून तुम्ही डॉक्टरकडे गेलात, तेव्हा काय लंगडे झाला होता?" अप्पा हसले नाहीत, पण पुढे आठ दिवसांनी त्यांनी पत्ता मागितला. बंगळूरच्या निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ साली देशातील १२ राज्यांत पाहणी केली. तीत शंभर प्रौढांमागे सुमारे १० ते ११ जणांना कोणता ना कोणता मनोविकार त्या वेळी होता, असे आढळले. उदासी, चिंता यांसारख्या नेहमीच्या विकारांचे जे रुग्ण होते, त्यांतील शंभरांपैकी सुमारे ८५ जण उपचारावाचूनच होते. शंभर घरांच्या वस्तीत किती प्रौढ माणसे राहतात याचा हिशेब करा, म्हणजे ही गोष्ट कोणा एका घराची लाज नव्हे, हे लक्षात येईल.

दुसरा आक्षेप आमच्याच गोटातून येतो, आणि तो वजनदार आहे. चळवळीतील मित्र म्हणतात, "शेतमालाला भाव नाही, कामगाराला कायम नोकरी नाही, आणि तुम्ही त्याला मन मोकळे करायला पाठविता? रोग व्यवस्थेचा आणि औषध माणसाला?" या म्हणण्यात निम्मे सत्य आहे. कर्जाचा बोजा कोणत्याही समुपदेशकाच्या बोलण्याने उतरत नाही, आणि तसा दावा करणारा समुपदेशक असेल तर त्याच्याकडे जाऊ नये. परंतु उरलेले निम्मे सत्यही पाहिले पाहिजे. ज्या माणसाला तीन महिने झोप नाही, ज्याला भाकरी गोड लागत नाही, जो मोर्चाच्या दिवशी घरातून उठूच शकत नाही, तो भावासाठी लढणार कसा? एस. टी. कामगारांचा २०२१-२२ चा लांबलेला संप आठवा. त्या काळात कामगारांच्या आत्महत्यांच्या बातम्या एकामागून एक येत होत्या. मागणी न्याय्य असली तरी मागणारा जगला पाहिजे. १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची पहिली संघटना उभी करणाऱ्या नारायण मेघाजी लोखंडे यांनी आठवड्याच्या सुट्टीची मागणी लावून धरली, आणि १८९० साली ती पदरात पडली. मजुरीच्या लढ्यात विश्रांतीची मागणी बसते, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते. मनाच्या दुरुस्तीसाठी आठवड्यातून एक तास मागणे हे त्याच मागणीचे पुढचे कलम आहे.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. मन बिघडले की आपल्याकडचा जुना रस्ता सैलानीचा. त्या दर्ग्याला हिंदू-मुसलमान दोघेही जातात, होळीच्या यात्रेला दूरदूरची माणसे येतात, आणि 'बाहेरची बाधा' झाली असे समजून अनेकांना तेथे आणले जाते. आम्ही त्यांची चेष्टा करणार नाही. दुसरे दार उघडे नसले म्हणजे माणूस उघड्या दाराकडेच जाणार. श्रद्धेने जाणाऱ्याने जावे; पण आजारी माणसाला बांधून, मारून, उपाशी ठेवून बरे करता येते, ही समजूत मात्र सोडली पाहिजे. २००१ साली तामिळनाडूत एरवाडी येथे दर्ग्याजवळच्या एका आश्रयगृहाला आग लागली, आणि साखळदंडाने बांधलेली २५ हून अधिक माणसे पळता न आल्यामुळे जळून मेली. पुढे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास साफ बंदी केली. दर्ग्याला गेलात तरी डॉक्टरकडेही जा, आणि डॉक्टरने दिलेली गोळी कोणाच्याही सांगण्यावरून एकाएकी बंद करू नका.

बोलण्याने रोग हटतो, हे खरे कशावरून? प्रश्न योग्य आहे. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात ३० खेड्यांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम चालला. गावातल्याच माणसांना शिकवून त्यांच्याकडून उदासीनतेच्या रुग्णांना आधार देण्यात आला. आरंभी अशा शंभर रुग्णांपैकी चारच जण उपचारापर्यंत पोचत होते. कार्यक्रमानंतर सुमारे २७ जण पोचले. म्हणजे आपली माणसे उपचार नाकारतात हे खरे नव्हे. दार जवळ आले की ती आत येतात. बोलण्याच्या गुणाचा पुरावा गोव्याचा आहे. तेथील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नसलेल्या पण नीट शिकविलेल्या समुपदेशकांनी, तीव्र उदासीनतेच्या रुग्णांबरोबर सहा ते आठ बैठका केल्या. तीन महिन्यांनी या बैठका मिळालेल्यांपैकी शंभरात ६४ जण सावरले होते. फक्त नेहमीचा उपचार मिळालेल्यांत ३९. हे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले आहेत.

आता प्रत्यक्ष जाण्याचे बोलू. प्रथम पाटी वाचावयास शिकले पाहिजे. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकाची पदवी घेऊन पुढे मनोविकारांचा अभ्यास केलेला डॉक्टर असतो. तो औषध लिहून देऊ शकतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाने मानसशास्त्राचे उच्च शिक्षण घेतलेले असते, आणि त्याची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेत असते. ही परिषद १९९२ च्या कायद्याने स्थापन झाली. तो बोलण्याचे उपचार व चाचण्या करतो, गोळ्या देत नाही. तिसरा समुपदेशक. यांत उत्तम शिकलेली माणसे आहेत, आणि चार दिवसांच्या वर्गाचे प्रमाणपत्र भिंतीला लावलेलीही आहेत. म्हणून शिक्षण कोठे झाले, किती वर्षे काम केले, कोणा अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली काम करता का, हे विचारावे. गवंडी ठेवताना आपण त्याने बांधलेली भिंत पाहतो. येथे विचारण्यात संकोच कसला? चांगला माणूस या प्रश्नांनी रागावत नाही.

हे प्रश्न पहिल्या फोनवरच विचारावेत. फी किती, बैठक किती मिनिटांची, मराठीत बोलता येईल का, ठरलेला दिवस चुकला तर पैसे द्यावे लागतात का, हे सर्व आधी कळले पाहिजे. बैठक साधारणपणे पाऊण ते एक तासाची असते, आणि आरंभी आठवड्यातून एकदा ठरते. फी शहरागणिक आणि माणसागणिक बदलते, पण एका बैठकीला शेतमजुराची दोन-चार दिवसांची मजुरी सहज जाते, हे धरून चालावे. कित्येक जण परिस्थिती पाहून फी कमी करतात; परंतु ते विचारल्यावाचून कळत नाही. मागितल्यावाचून वाढ मिळत नाही, हे आम्ही कामगारांना सांगतो. मागितल्यावाचून सूटही मिळत नाही.

बीबीसारख्या गावातून मेहकर, बुलढाणा, जालना, नाही तर छत्रपती संभाजीनगर गाठावयाचे, म्हणजे एका तासासाठी दिवसाची मजुरी आणि गाडीभाडे गेले. म्हणून पुष्कळ जण आता मोबाईलवर, समोरासमोर दिसेल अशा तऱ्हेने बैठक करतात. त्याने काम होते. अडचण जागेची. दोन खोल्यांच्या घरात सून सासरच्या माणसांसमोर काय बोलणार? त्या तासापुरती एक खोली, गच्ची, निदान शेतातली निवांत जागा तिला मिळेल, एवढी व्यवस्था घरच्यांनी करावी, आणि दाराशी कान लावू नये.

पहिल्या बैठकीत काय होते? पुष्कळांना वाटते की अंधाऱ्या खोलीत कोचावर निजवतील, डोळ्यांसमोर काही फिरवतील आणि पोटातले गुपित काढून घेतील. तसे काही नसते. दोन खुर्च्या असतात. एखादा कागद भरून घेतात, संमतीची सही घेतात. ती सही वाचल्याशिवाय करू नये. वाचता येत नसेल तर वाचून दाखवा म्हणावे. मग विचारतात : त्रास कोणता, केव्हापासून, झोप कशी, भूक कशी, दारू-तंबाखू किती, घरी कोण कोण, पूर्वी कोणाला असा आजार होता का. जीव द्यावासा वाटतो का, हेही सरळ विचारतात. या प्रश्नाने घाबरू नये. तो विचारल्याने तसा विचार मनात पेरला जात नाही. उलट, जे ओझे एकट्याने वाहिले जात होते ते दोघांच्या खांद्यावर येते. सगळे एकाच दिवशी सांगण्याची सक्ती नाही. "हे आज बोलणार नाही," असे म्हणण्याचा हक्क आहे. रडू आले तर येऊ द्यावे. त्या खोलीत रडण्याची वजावट होत नाही.

गुप्ततेची अट ही या कराराची पहिली अट समजा. २०१७ च्या कायद्याच्या २३ व्या कलमाने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. नवरा, सासू, मालक, सरपंच, किंवा युनियनचा चिटणीस, कोणीही विचारले तरी आतले बोलणे बाहेर सांगता येत नाही. यास थोडे अपवाद आहेत. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, लहान मुलावर लैंगिक अत्याचार होत असेल, किंवा न्यायालयाचा हुकूम असेल, तर गुप्तता मोडावी लागते. हे अपवाद त्याने पहिल्याच दिवशी समजावून द्यावयास हवेत. त्याने दिले नाहीत तर आपण विचारावे.

पुढे काय अपेक्षा ठेवावी? आपल्याला सवय वडीलधाऱ्यांच्या सल्ल्याची. "असे कर, तसे करू नको," हे ऐकण्यासाठी माणूस जातो आणि समोरचा उलट त्यालाच विचारतो, "तुम्हांला काय वाटते?" तेव्हा पैसे फुकट गेले असे वाटते. पण हेच तर काम आहे. अमेरिकेतील अल्बर्ट एलिस यांनी १९५० नंतरच्या दशकात एक पद्धत मांडली. तिचे सार असे की, घटना एक असते आणि तिच्याविषयी आपण मनाशी जे बोलतो ते दुसरे असते. आपल्याला पिळून काढते ते बहुधा हे दुसरे. कि. मो. फडके यांनी ही विचारसरणी महाराष्ट्रात रुजविली. पीक बुडाले ही घटना. "पीक बुडाले, आता हाती पैसा नाही," हे दुःख रास्त आहे. "पीक बुडाले, म्हणजे मीच नालायक आणि मी घरावर भार," हा निवाडा मात्र कोणत्या न्यायाधीशाने दिला? त्या निवाड्यावर अपील करावयास तेथे शिकवितात. गोव्याची रीत आणखी साधी होती. रुग्णाने सोडून दिलेली लहान लहान कामे पुन्हा हाती धरवावयाची : सकाळी उठून फिरून येणे, मित्राकडे जाणे, बैलाला पाणी दाखविणे. मन वर आल्यावर हात हलतील म्हणून वाट पाहावयाची नाही. हात हलले की मन हळूहळू वर येते. म्हणून घरी करावयाचा अभ्यास देतात, वही ठेवावयास सांगतात. तो केला तरच गुण येतो.

पहिल्या दोन-तीन बैठकांनंतर कधी कधी अधिकच जड वाटते. जुनी जखम धुताना झोंबते, तसेच हे. हे त्याला जाऊन सांगावे. त्यावरच बोलणे व्हावयास हवे. चार बैठका झाल्या की हिशेब मागावा : आपण कशासाठी आलो होतो, कोठवर आलो, आणखी किती दिवस लागतील? काहींना सहा-आठ बैठका पुरतात, काहींना पंधरा-वीस, काहींना वर्षही लागते. मन जुळले नाही तर दुसरा माणूस शोधण्यात बेइमानी नाही. एकाशी पटले नाही म्हणून उपचारच खोटा, असेही समजू नये.

कोठून मात्र तडक उठून यावे? जो हमखास गुण येईल अशी हमी देतो, सहा महिन्यांचे पैसे एकरकमी मागतो, जातीवरून किंवा बोलीवरून हिणवितो, दुसऱ्या रुग्णांची नावे घेऊन गोष्टी सांगतो, मनोविकारतज्ज्ञाच्या गोळ्या स्वतःच्या जबाबदारीवर बंद करावयास लावतो, अंगाला नको तसा हात लावतो, किंवा खोलीबाहेर दोस्ती अन् देवघेव सुरू करतो, तो कितीही शिकलेला असो, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये. आया-बहिणींनी हे विशेष ध्यानात ठेवावे. घरी आपल्या माणसाला सांगावे आणि तक्रार करावी.

ज्याच्याजवळ पैसे नाहीत त्याने काय करावे? त्याचे उत्तर दिल्याशिवाय हे व्याख्यान फक्त पगारदारांचे ठरेल. १४४१६ हा 'टेली-मानस'चा सरकारी फोन १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तो रात्रंदिवस चालतो, फुकट आहे, आणि त्यावर मराठी बोलतात. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याचा विभाग असतो. २०१५ साली सरकारने विदर्भ-मराठवाड्याच्या १४ जिल्ह्यांत शेतकऱ्यांसाठी 'प्रेरणा प्रकल्प' काढला, त्यात आपला बुलढाणा आहे. दारूचा प्रश्न असेल तर पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली उभे केलेले मुक्तांगण आहे. मनोविकाराला इतर आजारांप्रमाणेच विम्याचे संरक्षण हवे, हे २०१७ च्या कायद्यात लिहिले आहे. कंपनी नाकारील तर कलम दाखवावे. आणि ज्याच्या मनात मरणाचा विचार घोळतो आहे, त्याने खाजगी बैठकीच्या तारखेची वाट पाहू नये. त्याने त्याच घटकेस १४४१६ लावावा, किंवा घरच्यांनी त्याला रुग्णालयात न्यावे आणि एकटे सोडू नये. पोलिसांची भीती बाळगू नका. असा प्रयत्न केलेला माणूस अतीव ताणाखाली होता असे २०१७ चा कायदा गृहीत धरतो, आणि जुन्या दंडसंहितेतील ३०९ वे कलम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आलेलेच नाही.

हे सरकारी दार पुरेसे रुंद नाही, हे आम्ही जाणतो. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून निदान एक दिवस शिकलेला समुपदेशक बसावा, ही मागणी आमच्या युनियनने यंदा मागणीपत्रकात घातली आहे. कापसाच्या भावाखाली ती लिहिली तेव्हा काही सभासद हसले. सभा संपल्यावर त्यांतीलच दोघांनी बाजूला येऊन विचारले, "भाऊ, तो नंबर कोणता म्हणालात?" तो नंबर आपणही लिहून घ्यावा. स्वतःला लागला नाही तर शेजाऱ्याला द्यावा, आणि कोणी दारात थबकून "झोप येत नाही" म्हणाला, तर त्याला पुन्हा आत बसवून घ्यावे.